चौसष्ट रिकामी घरं

५ जानेवारी, मंगळवार

ही वही मातीची. म्हणजे वहीला माती लागलेली नाही. माझी नात विद्यापीठात माती शिकते, तिच्या प्रयोगाची वही. प्रत्येक पानावर वर छापलंय: नमुना क्रमांक, रंग, वास, ओलावा. अर्धी कोरी उरली तर मला दिली. म्हणाली, "आजी, दिवसभर माझं डोकं खातेस, त्यातलं थोडं ह्यात ओत." म्हटलं, अगं तिसरी शिकलेली बाई मी, काय लिहिणार? तर म्हणे, "बोलतेस तसंच लिही. वही उठून जात नाही."

तर रंग: आभाळ राखाडी. वास: मशीनच्या तेलाचा. ओलावा: नातीचे मोजे अजून वाळले नाहीत.

नातीला मी टिचकी म्हणते. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्स म्हणाली, जपा, टिचकी मारली तर उडून जाईल. कागदावरचं नाव वेगळं आहे, ते परीक्षेपुरतं. माती शिकायला चार वर्षं लागतात हे ऐकून मी आधी हसले होते. जन्मभर पायाखाली आहे, तिचं काय शिकायचं? पण टिचकीने मला काचेच्या नळीत माती हलवून दाखवली, जाड वाळू खाली, मग गाळ, वर चिकणमाती, थर कसे सुरेख लागतात. आता मी कुणाला हसू देत नाही.

हे तिचं शेवटचं वर्ष. लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या घेतल्यात, तिच्या जेवणाखाण्याची आबाळ नको म्हणून मी येऊन राहिलेय. लेक म्हणाला होता, "आई, मशीन इथेच ठेव, तिथे कुठे नेतेस ते धूड." मी म्हटलं, मशीन नाही तर मीही नाही. आलं की नाही मुकाट्याने? आता लॉन्ड्रीवाला वर कपडे पाठवतो, चेन बसव, दुमड घाल, बाही आखूड कर. बरं चाललंय.

खरी बातमी राहिलीच! टिचकीला विद्यापीठाच्या वाद्यवृंदात घेतलं. उद्या सविस्तर लिहीन, दोरा संपलाय, दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येते.

९ जानेवारी, शनिवार

उद्या म्हटलं आणि चार दिवस गेले. माझं हे असंच.

टिचकी आज वाजवायच्या काठ्या घरी विसरली, त्या द्यायला गेले. काठ्यांच्या टोकाला लोकरीची बोंडं असतात, एकाची शिवण उसवली होती ती मी लपते टाके घालून नीट करून दिली होती. वाटेत काठ्या पिशवीतून बाहेर डोकावत होत्या, लोक बघत होते. बघू देत.

दालन केवढं! ऐंशीएक मुलं. त्यातली निम्मी संगीत खात्यातली, म्हणजे तेच शिकणारी. बाकीची आपली हौशी, कुणी पूल बांधणार, कुणी कायदा शिकणार. तुतारीसारखं लांब पितळी वाजवणारा एक उंच मुलगा भेटला, तो दातांचा डॉक्टर होणार आहे. मला बघून हसला आणि हसता हसता माझे दात मोजले. त्याला मी दातवाला म्हणते.

आणि टिचकीचे ते हंडे! तिला "टिंपनी" म्हणायचं असतं, मला हंडेच दिसतात. चार तांब्याचे, पोटं गोल, वर कातडं ताणलेलं. खाली वाकून बघते तर काय, प्रत्येकाला पॅडल! अगदी माझ्या मशीनसारखं. राहवेना. चप्पल काढून पाय ठेवला आणि दाबला. टिचकीने वर एक ठोका दिला, तसा हंड्याचा आवाज बूं करता करता वर चढत गेला, कुत्रं प्रश्न विचारतं तसा.

मागून आवाज आला, "आजी, वाजवता का?"

हे त्यांचे सर. हातात काडी, चष्मा नाकावर. मी म्हटलं, "नाही हो, शिवते."

"पाय छान आहे," म्हणाले. पायाची तारीफ मला साठ वर्षांत कुणी केली नव्हती. टिचकीच्या आजोबांनी तर नाहीच.

पण मग सर टिचकीकडे वळून बोलले ते मला तेवढं गोड लागलं नाही. हंडे वाजवणारा संगीत खात्यातला मुलगा मनगट मोडून घेऊन बसलाय, म्हणून ही जागा मोकळी. कार्यक्रम वीस फेब्रुवारीला. सर म्हणाले, "बारा तारखेला मी तुझी ती लांब जागा ऐकणार. जमली तर हंडे तुझे. नाही जमली तर आमच्या खात्यातली मुलगी तयार आहे, तिला देईन. राग मानू नकोस." टिचकीने मान हलवली.

येताना विचारलं, एवढा काय जीव टाकायचा त्यात? तर म्हणाली, "आजी, जूनपासून मी प्रयोगशाळेत. पुढे जन्मभर माती आहे, आणि मला ती आवडते. पण असे हंडे कुणाच्या घरी असतात? हे एकदाच."

मी म्हटलं, मग जमवायचं. त्यात काय.

१४ जानेवारी, गुरुवार

ती लांब जागा काय असते ते आज कळलं. कागदावर एक जाड काळी रेघ, वर ६४ लिहिलेलं. म्हणजे चौसष्ट घरं रिकामी. त्या वेळात हिने काही करायचं नाही. हात बांधून उभं राहायचं आणि मोजायचं. चौसष्ट संपली की एक ठोका, तोही हळू.

"बस? एक?"

"एकच. पण त्या ठोक्यावर सगळे श्वास सोडतात, आजी. आधी आला तर सत्यानाश, उशिरा आला तर त्याहून."

"मग सर खूण करतील की."

"सर तेव्हा गाणाऱ्यांकडे वळलेले असतात. बाकीचे एकच सूर धरून बसलेले, त्यात पकडायला काही नसतं. स्वतःच मोजायचं."

एकेका घरात चार ठोके असतात म्हणे. ती मोजते कसं ते ऐका: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. मी घाबरलेच! म्हटलं, मुलगी पदवीला आली आणि हिला एकाच्या पुढे दोन आहे हे पक्कं नाही. मग कळलं, पहिला आकडा घराचा. शहाणपण आहे त्यात. मी बटणं अशीच मोजते, डझनाला एक सुई टोचून.

घरी हंडे नाहीत, म्हणून दोन उशा घेते. फोनवरची टिकटिक लावली होती, पण तिचं डोकं दुखायला लागलं. म्हणाली, "आजी, तू तुझं मशीन चालव. त्याच्यावर मोजते." बरोबर आहे, ही कापडाच्या चिंध्यांच्या टोपलीत झोपून मोठी झालीय, मशीन थांबलं की रडायची.

योग बघा कसा: लॉन्ड्रीवाल्याने कुठल्याशा भोजनालयाचे तीनशे रुमाल दिलेत, जेवताना मांडीवर घ्यायचे, चारी बाजूंनी दुमड घालायला. माझा पाय एकदा सुरू झाला की घड्याळ. एक बाजू संपते तेव्हा तिची आठ घरं होतात. सुई रुतवायची, कापड दाबून धरणारं फूट उचलायचं, कापड वळवायचं, फूट टाकायचं, पुढची बाजू. चार बाजू म्हणजे बत्तीस. दोन रुमाल म्हणजे चौसष्ट! मी म्हटलं, टिचके, हे तर तुझ्यासाठीच बेतलंय.

२३ जानेवारी, शनिवार

रुमाल एकशे चाळीस झाले. टिचकी रोज संध्याकाळी उशा घेऊन शेजारी बसते, डोळे मिटून मोजते, आणि मी दुसऱ्या रुमालाच्या शेवटच्या कोपऱ्याला आले की बरोब्बर ठोका. एकदाही चूक नाही. मला तर वाटतं, हे हंड्यांचं काम घरात शिवणकाम असलेल्यालाच द्यावं.

लेकाचा फोन आला. "ती अभ्यास करते ना?" म्हटलं, करते की, उशी बडवत करते. मग म्हणाला, "आई, तू तिला लाडावून ठेवतेस." हा स्वतः तिसरीत असताना शाळा बुडवून बँडच्या मागे गावाबाहेर गेला होता, मी पायात चप्पल नसताना शोधायला धावले होते. मी काही आठवण दिली नाही. माणसं मोठी झाली की त्यांना लहानपण टोचतं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

टिचकी आली ती चेहरा पाडून. सगळ्यांबरोबरची पहिली तालीम होती. ठोका उशिरा पडला. थोडाथोडका नाही, चांगला दोन घरं उशिरा. खात्यातली ती मुलगी मागे झांजा घेऊन उभी असते, ती काही हसली नाही, पण हसली नाही हेच टिचकीला लागलं.

मी म्हटलं, अगं पहिली वेळ. घरी तर चोख येतं.

"घरी चोख येतं," ती म्हणाली, माझ्यासारखंच, पण आवाज वेगळा होता.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज नेहमीसारखे रुमाल घेतले, ती उशा घेऊन बसली. पण डोळे मिटले नाहीत. माझ्या हाताकडे बघत होती. पहिला कोपरा आला, मी सुई रुतवली, वळवलं. दुसरा आला, वळवलं. तशी तिची काठी हवेतच राहिली. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी काय मांजर आहे?

मग म्हणाली, "आजी, उद्यापासून मी खाली लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसते मोजायला. तिथे... गार असतं."

फेब्रुवारीत कुणाला गार हवं असतं?

४ फेब्रुवारी, गुरुवार

ती खाली. मी वर. रुमाल काही सरकत नाहीत. मशीन खडखडतं का? तेल घातलं. नाही खडखडत. मग माझंच काहीतरी होत असेल. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा वास, आवाज कळत नाही म्हणतात. मी मध्ये मध्ये बोलते का? बोलते. पण ते ती आजच ऐकतेय थोडीच.

वास: वाफेचा, खालून. बाकी रकाने कोरे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

दातवाला आला, जाकिटाची चेन बसवून घ्यायला. चहा दिला. विचारलं, माझ्या टिचकीचं काय बिनसलंय, मला कुणी सांगत नाही.

म्हणाला, "आजी, ती मोजते नीट. पण दर आठ घरांनंतर एक श्वास थांबते. तिला कळतही नाही. सर म्हणाले, तू दर वेळी कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून येतेस का? सगळे हसले. ती पण हसली. मग एकदम हसायची थांबली." चेन ओढून बघत पुढे म्हणाला, "ती सवय मोडली नाही तर बारा तारखेला जागा जाणार. बिचारी फार जीव लावून बसलीय हो."

तो गेला. मी रुमाल घेतला. पाय चालू केला आणि आज पहिल्यांदा मशीन कान देऊन ऐकलं. घरघर, घरघर, घरघर... थांब. सुई, फूट, वळव, फूट. घरघर, घरघर... थांब.

अगं बाई.

आपल्या पायावर धोंडा मारून घेतात लोक. मी माझ्या पायाने तिच्या पायावर मारला. आठ बाजू, आठ थांबे. चोख येतं, चोख येतं म्हणून मीच नाचत होते! आणि ती पोर बुधवारी सगळं ओळखून गार हवेचं निमित्त करून खाली गेली, आजीला वाईट वाटू नये म्हणून.

तर आता मलाही काही कळलेलं नाही. मीही तिचीच आजी.

६ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर तेच. ज्याला कोपरा नाही असं काय असतं? पडदा लांब असतो, पण संपतो. पलंगपोस संपतो. सकाळी तोंड धुताना बादलीचा काठ दिसला आणि डोक्यात उजेड पडला. घेर!

खाली जाऊन लॉन्ड्रीवाल्याला म्हटलं, घेरदार झगे आहेत का कुणाचे? तो म्हणाला, "आजी, रुमाल राहिलेत अजून." म्हटलं, रुमालांना कुठे जायची घाई आहे. त्याने शोधून सहा लांब काळे झगे दिले. गाणाऱ्या मुलींचेच निघाले, खालून दोन बोटं आखूड करायचे. घेर असा की फिरत राहा, फिरत राहा, सुरुवात शेवटाला मिळते आणि पुन्हा फिरायचं. शिंप्याच्या आयुष्यात न वळता जाता येतं ते इथेच.

टिचकीला हाक मारली. "गुडघा धरलाय गं, जवळ बस, सुई ओवून दे." गुडघा कुठला धरतोय. आली. मी झगा चढवला आणि पाय टाकला. ती आधी नुसती बसली होती. मग बघितलं, कोपरा येत नाहीये. मग हळूच उशी ओढली.

आम्ही दोघी काही बोललो नाही. मी बोलले नाही हे वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज गंमत झाली, पण कुणाला सांगायची नाही. टिचकी डोळे मिटून मोजत होती, पन्नास झाली असतील, आणि खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली! मशीनचा आवाज जरा पोकळ झाला की मला कळतं. आता थांबले तर गेलंच सगळं. थांबले नाही. बिनदोऱ्याची तशीच चालवत राहिले. कापड सरकतंय, सुई नाचतेय, शिवलं काहीच जात नाही, नुसती भोकं. चौसष्टला तिचा ठोका पडला, उशीवर, इतका हलका की मांजराने पाय ठेवावा. बरोब्बर. मग मी म्हटलं, हं, झाला हा झगा, आणि घडी घालून बाकीच्या झग्यांखाली सरकवला.

१० फेब्रुवारी, बुधवार

तो झगा मी पुन्हा शिवायच्या आत तिच्या हाताला लागला. इस्त्रीला द्यायला म्हणून उचलला असेल. खिडकीशी उभी राहून दुमड उजेडात धरून बघत होती. अर्ध्या घेराला भोकांची रांग.

"आजी, ह्याला दोराच नाही."

"असेल. डोळे गेलेत माझे."

"मशीन तर चालू होतं."

"चालू होतं तर होतं. काय वकील आहेस का?"

ती तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. साबण डोळ्यात गेला म्हणाली. साबण खरंच वाईट आहे तो, उद्या बदलते.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाली! जागा मिळाली! हंडे टिचकीचे!

जिन्यावरून ओरडतच आली. लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं आग लागली. ठोका बरोबर घरात पडला. सर म्हणाले, "ह्या वेळी कोपऱ्यावरून फिरून आली नाहीस." आणि खात्यातली ती मुलगी स्वतः येऊन हिच्या गळ्यात पडली. मी उगीच तिच्याबद्दल वाईट लिहिलं, पण पेनने लिहिलंय, आता खोडत नाही.

लेकाला फोन केला. म्हणाला, "एका ठोक्याचं एवढं?" म्हटलं, वीस तारखेला ये आणि बघ. कामं आहेत म्हणाला. मग विचारलं, "किती वाजता आहे?"

२१ फेब्रुवारी, रविवार

काल कार्यक्रम झाला. काल घरी यायला फार उशीर झाला, म्हणून आज.

टिचकीने माझी खुर्ची आधीच ठरवून ठेवली होती, कागदावर "आजी" लिहून चिकटवलेलं. पहिल्या रांगेत, अगदी कडेला, जिथून अर्धी वाद्यं दिसतच नाहीत. लेक म्हणाला (हो, आला! स्वेटरला इस्त्री करून आला होता), "ही कसली जागा दिली आईला? मध्ये रिकाम्या आहेत की." टिचकी म्हणाली, "तिथे पाय पसरायला मोकळं आहे, बाबा." किती विचार करते पोर माझ्या गुडघ्यांचा! मी चप्पल काढून आरामात बसले.

वाजवायला लागले. काय सांगू. मला त्यातलं कळतं असं नाही, पण अंगावर यायचं ते आलं. टिचकी मागे वरच्या पायरीवर, काळ्या कपड्यांत, चार हंड्यांच्या मध्ये, आपल्या घरच्यासारखी.

मग ती लांब जागा आली. मला कशी कळली? टिचकीने काठ्या खाली केल्या. सर गाणाऱ्यांकडे वळले, त्या मुली माझ्याच दुमडीच्या झग्यांत उभ्या. सगळ्यांनी एकच सूर धरला. सगळी मुलं सरांकडे बघतायत, आणि ही माझी बाई एकटी खाली, माझ्याकडे. मला वाटलं, चप्पल काढलेली दिसली वाटतं.

खाली बघते तर माझा पाय चालू! जित्याची खोड. टाच-चवडा, टाच-चवडा, आपोआप. कधी सुरू झाला कोण जाणे. हा पाय मेला आता आठव्या घराला थांबेल, वळेल, आणि पुन्हा तेच! मी दुसरा पाय त्याच्यावर दाबून ठेवला. घट्ट. वर बघायचं धैर्य होईना. डोळे मिटून मी काहीच मोजलं नाही, नुसती बसून राहिले. लेकाने माझा हात धरला.

आणि मग तो पडला. एकच. हळू. मांजराचा पाय. आणि खरंच हो, सगळ्या दालनाने श्वास सोडला, मीसुद्धा.

नंतर बाहेर गर्दीत लेक तिला काहीतरी सांगायला गेला आणि नुसताच नाक पुसत राहिला. टिचकी माझ्याकडे आली, गळ्यात पडली, आणि कानात पहिलं वाक्य काय म्हणावं? "आजी, तेविसाव्या घरात पाय का थांबवलास?"

मी चाट! "तुला गं काय माहीत माझ्या पायाचं?"

ती हसायलाच लागली.

"मग पुढचं कसं केलंस?" मी विचारलं.

"पुढची एक्केचाळीस माझी मी," म्हणाली.

हुशार आहे. मी उगीच घाबरत होते.

आज सकाळी राहिलेले रुमाल पुन्हा काढले. लॉन्ड्रीवाला रोज विचारतो. पहिली बाजू झाली, कोपरा आला. सुई रुतवली, फूट उचललं. आतल्या खोलीत टिचकी केस विंचरत होती, फणीचा आवाज थांबला. मी कापड वळवलं, फूट टाकलं, पाय चालू केला. फणी चालू झाली.

चारी कोपऱ्यांना तसंच.